पाहुणा काही बसेना

"मे सिएंते, ते सिएंतेस, से सिएंते..." न्हाणीतून चुडामण बोरसेचा खडा आवाज आला आणि शेजारच्या भिकुबाईंनी ओट्यावर बसल्या बसल्या हात जोडले. महिनाभर त्या रोज सकाळी असेच हात जोडत होत्या. त्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही. पुष्पा कपडे वाळत घालत होती, तिला त्यांनी हळूच विचारलं, "पुष्पा, कोनता देवनं स्तोत्र शे वं हाई?"

"देवनं नही वो काकू," पुष्पा म्हणाली, "खाले बठानं स्तोत्र शे."

भिकुबाईंना वाटलं पोरगी थट्टा करतेय. पण पुष्पा अगदी खरं तेच सांगत होती. तिचा नवरा स्पॅनिश भाषेतलं 'बसणे' हे क्रियापद चालवत होता, आणि तेसुद्धा साधं नव्हे.

चुडामणला लहानपणापासून एक खोड होती. छापील कागद हातात आला की तो वाचल्याशिवाय टाकायचा नाही. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, एसटीच्या तिकिटामागचे नियम, लग्नपत्रिकेतली प्रेषकांची नावं, काही म्हणता काही सोडायचा नाही. एकदा शेव आणली, तर पुडीच्या कागदावर इंग्रजीतून स्पॅनिश शिकवलेलं. शेव तशीच राहिली आणि हा तडक शेववाल्याकडे गेला. तोवर पुस्तकाचा पहिला अर्धा भाग जळगावकरांनी शेवेबरोबर संपवला होता. उरलेला अर्धा त्याने मागून आणला.

त्या अर्ध्याची सुरुवातच 'बसणे' या धड्याने होत होती. आता बसणे म्हणजे बसणे, त्यात शिकायचं काय? पण स्पॅनिश माणूस नुसता बसत नाही, तो स्वतःला बसवतो. हे वाचून चुडामणला फार गंमत वाटली. त्यातून धडा 'बसतो, बसला' असा सरळ नव्हता. तो 'बसावं'चा होता. कोणाची तरी इच्छा असेल, शंका असेल, भीती असेल, तरच वापरायची ती रूपं. मी बसावं, तू बसावंस, त्याने बसावं. "अरे, हे तर आपलं 'भलं होवो, पाऊस पडो'!" असं म्हणून त्याने मांडीवर थाप मारली होती. 'बसतो' आणि 'बसलो' शेवेबरोबर गेले होते. त्यामुळे चुडामणला स्पॅनिशमध्ये इच्छा करता यायची, पण सांगता काहीच यायचं नाही.

पुष्पाला आधी हे खूळच वाटलं. मग एक दिवस 'ते सिएंतेस' म्हणजे 'तू बसावंस' असं त्याने सांगितल्यावर ती हातातलं लाटणं तसंच धरून म्हणाली, "सिएंतेस? हाई ते आपलं 'बठस' ना मायेकच शे की!" शेवटचा 'स' अगदी अहिराणीतल्यासारखाच होता. तेव्हापासून ती ऐकून घ्यायची. तसंही नवरा घरात असणं हेच तिला अजून नवं होतं. तीन वर्षं चुडामण कंपनीच्या नरडाण्याच्या गोदामावर होता आणि पुष्पा इथे जळगावात, पिंप्राळ्यात, शिवणाचा क्लास चालवत होती. शनिवारी रात्री यायचं, रविवारी संध्याकाळी जायचं. आत्ता दिवाळीनंतर कुठे शेटजींनी त्याला जळगावच्या ऑफिसात आणलं होतं, आणि तेही 'बघू' म्हणून.

कंपनीचं नाव होतं लाडकुंवर पाइप्स. मालक रिखबचंद शेटजींनी आईचं नाव दिलं होतं. पाइप आणि ठिबकचा माल चांगला खपत होता, पण शेटजींना आता तो समुद्रापार विकायचा होता.

त्या सकाळी चुडामण ऑफिसात पोचतो न पोचतो तोच भटू टायपिस्ट दारात उभा. "चुडामणभाऊ, पळा. शेटजींनी बोलावलंय. स्पेनचा पाहुणा येतोय ना आज? त्याचा दुभाषा मनमाडला ऑम्लेट घ्यायला उतरला. ऑम्लेट मिळालं, गाडी गेली. तिकीट-पाकीट गाडीतच, आता उद्या सकाळी पोचेल म्हणून स्टेशनवरून निरोप आलाय."

"मग मला कशाला?"

"मी सांगितलं शेटजींना, तुम्हाला स्पॅनिश येतं," भटू अभिमानाने म्हणाला.

भटूचं मन वाईट नव्हतं. तो नरडाण्याच्या बाजूचाच. म्हातारे आईबाप, घर, बायको, सगळं तिकडे. दर महिन्याला तो "मला नरडाण्याला टाका" म्हणून शेटजींपुढे उभा राहायचा आणि शेटजी दर महिन्याला म्हणायचे, "ज्याला घरी जायचंय त्याला घरी पाठवलं, तर तो कामावर कशाला येईल?" आणि ज्याला जायचं नव्हतं त्या चुडामणला तीन वर्षं तिथे ठेवलं होतं.

शेटजी फेऱ्या मारत होते. "चुडामण, किती येते तुला ती भाषा?"

"बसावं इतकी येते, शेटजी," चुडामण खरं बोलला.

"बस! तेवढंच पाहिजे!" शेटजींचा चेहरा उजळला. "आमचे बापूजी झुंबरलालजी दुकानात गिऱ्हाइकाला आधी गादीवर बसवायचे, मग भाव. उभा माणूस नुसता विचारून जातो. बसला, घोटभर काही प्यायला, की तो आपला. उद्या सकाळी तो दुभाषा येईल, भाव-बिव तो बघेल. तू फक्त आज पाहुण्याला बसव. बसवलास, तर तुझीही खुर्ची इथे पक्की."

"आणि नाही बसवलं तर?"

"तर नरडाण्याची खुर्ची रिकामीच आहे."

नरडाण्याच्या धाकाने चुडामणने लगेच मान डोलावली. पण सबंध स्पॅनिश भाषेतून शेटजींनी नेमकं तेच क्रियापद मागावं, याचा त्याला मनातून आनंदही झाला.

पाहुणा कानेरी बेटांवरचा. आफ्रिकेच्या बाजूला समुद्रात स्पेनची बेटं आहेत, तिथेही केळी होतात, आणि तिथल्या केळीवाल्यांच्या सोसायटीने या सेन्योर आन्सेल्मोंना ठिबक बघायला पाठवलं होतं. साठीचा उंच माणूस, पांढऱ्या मिशा, गवताची हॅट, आणि चेहऱ्यावर असं हसू की कोणालाही आपला मामा वाटावा. इंग्रजीचा मात्र एक शब्द येत नव्हता. शेटजींनी त्यांचं नाव एकदाच ऐकलं आणि लगेच आपलंसं करून टाकलं. "नमस्कार, अन्सेलमलजी!"

स्टेशनबाहेर अॅम्बेसेडर उभी होती. दार उघडल्यावर पाहुणे मागच्या सीटवर चढले ते गुडघ्यांवर, आणि पाठीला हात टेकून मागच्या काचेतून बघत राहिले. पुढे बसलेल्या चुडामणने शेटजींकडे बघितलं.

"गाव बघतायत," शेटजी कौतुकाने म्हणाले. "माल घेणारा असाच असतो. आलेला रस्तासुद्धा बघून ठेवतो."

ऑफिसात फिरती खुर्ची पुसून ठेवली होती. चुडामणने घसा साफ केला, छाती पुढे काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या स्पॅनिश माणसासमोर ते क्रियापद काढलं. "सिएंतेसे, पोर फावोर!" म्हणजे, आपण बसावं, कृपया!

पाहुण्यांचे डोळे चमकले. त्यांनी चुडामणचे दोन्ही हात धरले आणि धबाधबा बोलायला सुरुवात केली. चुडामणला त्यातला एक शब्द कळेना. त्याचा चेहरा बघून म्हातारा थांबला, छातीवर हात ठेवला आणि सावकाश म्हणाला, "ग्रासियास. मे सिएंतो मेहोर दे पिए."

"काय म्हणाले?" शेटजी.

चुडामण विचारात पडला. 'मे सिएंते' त्याला पाठ होतं. 'मे सिएंतो' म्हणजे नक्कीच ते शेवेबरोबर गेलेलं साधं रूप. "ग्रासियास म्हणजे आभार. मे सिएंतो, म्हणजे मी बसतो," तो म्हणाला. "मेहोर म्हणजे अधिक चांगलं. पुस्तकात आहे, 'तुम्ही बसावं हे मेहोर'. पण हे दे पिए..."

"त्यात काय कळायचं?" शेटजी म्हणाले. "सरळ आहे. दे, पिए! प्यायला मागतायत!"

चुडामणने मनात जुळवून पाहिलं. बसतो, अधिक चांगलं, दे, प्यायला. बसतो, पण याहून चांगल्या जागी, आणि काही प्यायला द्या. चैत्रातलं जळगावचं ऊन, बाराचा सुमार, त्यात परदेशी माणूस. अर्थ एकदम चपखल बसला. त्याला स्वतःचाच अभिमान वाटला.

फिरती खुर्ची गेली आणि शेटजींच्या केबिनमधला सोफा आला, वर थंड पाण्याचा तांब्या. पाहुणे घटाघटा पाणी प्यायले आणि मिशा पुसत सोफ्याकडे बघून पुन्हा हसून तेच म्हणाले. "मे सिएंतो मेहोर दे पिए."

"बघ, पुन्हा मागतायत!" शेटजी खूश झाले. लिंबू सरबत आलं. तेही गेलं. सोफ्यावर गादी घातली, गादीवर तक्क्या ठेवला. पाहुणे उभेच. मग उसाचा रस आला. पाहुण्यांना तहान खरोखरच लागली होती, त्यामुळे प्रत्येक पेला रिकामा होत होता आणि प्रत्येक पेल्याबरोबर चुडामणचा अर्थ पक्का होत होता. फक्त बसणं काही होत नव्हतं.

शेवटी वरात शेटजींच्या बंगल्यावर गेली. पाहुणे पुन्हा गुडघ्यांवर. तिथे पितळी कड्यांचा झोपाळा होता, त्यावर मखमली बैठक. शेटाणी प्रेमकुंवरबाईंनी केशर घातलेलं दूध आणलं. पाहुण्यांनी झोपाळ्याच्या कड्यांवरून हात फिरवला, वाहवा केली, बाईंना वाकून नमस्कार केला, दूध उभ्यानेच संपवलं आणि घाईघाईने मोरीची चौकशी खुणेने केली.

"आपली जागा यांच्या मनाला येत नाहीये," प्रेमकुंवरबाई कुजबुजल्या. "काही चुकलं का आपलं?"

शेटजींनी चुडामणला जिन्याखाली गाठलं. "हे बघ. सकाळपासून हा माणूस उभा आहे. आता पहूरला केळी बघायला जायचं. तिथे बसला नाही, तर उद्या दुभाष्याला तो एकच गोष्ट सांगेल, की जळगावात कोणी बसायला धड जागा दिली नाही. आणि परवा तू नरडाण्यात."

चुडामणच्या डोळ्यांसमोर गोदामाची पत्र्याची खोली आली, आणि शनिवारी रात्री दार उघडणारी पुष्पा. तो कसनुसा म्हणाला, "शेटजी, याहून मेहोर जागा जळगावात आहे तरी कुठली?"

"एक आहे," मागून भटू म्हणाला. "नवरदेवाची खुर्ची."

मंडपवाल्याकडून ती खुर्ची टेम्पोत घालून पुढे रवाना झाली. लाल मखमल, सोनेरी सिंह, पाठीवर मोराचा पिसारा. पहूरला वना पाटलाच्या केळीत, दोन ओळींमधल्या सावलीत ती मांडली. खुर्ची बघायला अर्धं गाव जमलं. लग्न कोणाचं, हेच जो तो विचारत होता. पाहुणे येईपर्यंत जरा वेळ होता, तेवढ्यात भटूने सगळ्यांना 'सिएंतेसे' शिकवून ठेवलं.

पाहुण्यांनी मात्र गाडीतून उतरल्या उतरल्या केळीत धाव घेतली. त्यांनी ओळीन् ओळ चालून पाहिली. वाकून नळी हातात घ्यायचे, थेंब पडताना बघायचे, माती चिमटीत धरून वास घ्यायचे. वना पाटलाला कळत नसताना ते त्याच्याशी बोलत होते आणि वनाही त्यांना न कळणारी उत्तरं देत होता. दोघांचं उत्तम चाललं होतं. चुडामण मागे मागे फिरत होता. एरवी त्याने शंभर प्रश्न विचारले असते, पण आज त्याचं सगळं लक्ष त्या खुर्चीकडे होतं.

मग पाहुणे सावलीत आले आणि खुर्ची बघून थबकले. त्यांनी अदबीने हॅट काढली आणि नवरी कुठे दिसते का म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

"सिएंतेसे!" पन्नासेक माणसं एका सुरात ओरडली.

पाहुणे दचकले. एवढ्या दूर, केळीच्या बागेत, सगळं गाव आपल्याला आपल्या भाषेत बसा म्हणतंय, हे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. "ग्रासियास, ग्रासियास. मे सिएंतो मेहोर दे पिए."

"प्यायला द्या रे!" शेटजी ओरडले, आणि वना मठ्ठा आणायला धावला.

वनाची आई धुरपदाबाई इतका वेळ कमरेवर हात ठेवून बघत होती. ती पुढे झाली. "पिऊन काय व्हतं? हा रुसेल हाये. माहा जावई मांडवात असाच उभा व्हता, घड्याळासाठी. रुसेल मानूस आपल्या हातानं बसत नाही. त्याले धरून बसवा लागते."

"पण मावशी, हे रुसलेले दिसत नाहीत. हसतायत," चुडामण म्हणाला.

"तो बी हसतच व्हता."

शेटजींना हे पटलं. त्यांनी मान हलवताच दोन धट्टेकट्टे गडी पुढे आले आणि त्यांनी मोठ्या आदराने पाहुण्यांच्या खांद्यांवर हात ठेवले. व्याकरणाच्या दृष्टीने हे चूकच होतं. पुस्तकातलं क्रियापद स्वतःच स्वतःला बसवायचं होतं, आणि इथे दोघे मिळून तिसऱ्याला बसवत होते. चुडामण तसं म्हणणारही होता. पण तेवढ्यात पाहुणे खुर्चीवर टेकले.

"आऽऽय!"

केळीतले बगळे उडाले. पाहुणे जितक्या वेगाने टेकले त्याच्या दुप्पट वेगाने उठले. चेहरा लाल, कपाळावर घाम, एक हात सिंहाच्या डोक्यावर.

"आई म्हणाला," धुरपदाबाई हळहळली. "मायची आठवन आली बिचाऱ्याले."

शेटजींनी डोकं धरलं. "चुडामण!"

चुडामण गर्दीतून वाट काढत पुढे झाला. तो म्हाताऱ्याजवळ गेला आणि हात जोडून उभा राहिला. म्हाताऱ्याने श्वास घेतला, आजूबाजूच्या बायकांकडे एकदा बघितलं, आणि लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून हळू आवाजात म्हणाला, "एल मेदिको... नो किएरे... के मे सिएंते."

आणि चुडामणच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मे सिएंते! सिएंतो नव्हे, सिएंते! न्हाणीतलं पहिलं रूप! महिनाभर जे त्याने साबण लावताना घोकलं, ते एका जिवंत माणसाच्या तोंडून, अगदी जिथे पाहिजे तिथे, जसंच्या तसं आलं होतं. 'नो' तर कोणालाही कळेल. 'किएरे के' पुस्तकात प्रत्येक वाक्यात होतं, इच्छा आहे की. आणि मेदिको? जळगावात चौकाचौकात मेडिकल आहे!

"शेटजी!" तो जवळजवळ नाचला. "डॉक्टरची इच्छा नाही की यांनी बसावं! शेटजी, 'बसावं' आलं! इच्छेच्या मागून बरोब्बर 'बसावं' आलं!"

"अरे, पण का बसू नये?"

त्याचं उत्तर भाषेविनाच मिळालं. पाहुण्यांनी वनाला दोन केळींच्या मागे नेलं आणि खुणेने काय ते सांगितलं. वना बाहेर आला तो तोंडावर हात धरून. गळू. आणि नको तिथे. मुंबईला उतरल्यावर डॉक्टरने बघितलं होतं आणि बसायचं नाही म्हणून बजावलं होतं. बिचारा रात्रभर बर्थवर पालथा झोपून आला होता. बोट दाखवून सकाळीच सांगता आलं असतं, पण भला माणूस, पहिल्याच भेटीत कोणाच्या ऑफिसात कुठे बोट दाखवणार?

"मग ते दे पिए?" शेटजींनी विचारलं.

चुडामणने पाहुण्यांकडे बघून भीत भीत म्हटलं, "दे पिए?" पाहुण्यांनी आपल्या दोन्ही बुटांवर थाप मारली आणि ताठ उभे राहून दाखवलं.

"पिए म्हणजे पाय," चुडामण पडेल आवाजात म्हणाला. "पायांवर. उभ्याने. उभ्याने कोणी बसत नाही, म्हणजे 'मला उभ्यानेच बरं वाटतं' म्हणत असणार."

"आणि सकाळपासून आपण पाजलं ते?"

"ते आपल्या मनाने, शेटजी."

शेटजी त्याच्याकडे असे बघत राहिले, की नरडाण्याची गाडी चुडामणला तिथेच ऐकू यायला लागली. पण काय करावं, त्याही वेळी त्याच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. 'मे सिएंतो' म्हणजे मी बसतो, आणि 'मे सिएंतो' म्हणजेच मला वाटतं? हे कसं? मग त्याचं त्यालाच सुचलं. आपल्याकडे नाही का भीती बसते, धक्का बसतो, विश्वास बसतो? शेवटी मनातलं सगळं कुठेतरी बसतंच. त्याला इतकं बरं वाटलं की तो पाहुण्यांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "नो किएरो के से सिएंते!" तुम्ही बसावं अशी माझी इच्छा नाही!

एवढं एक वाक्य ऐकायला म्हातारा सकाळपासून तरसला होता. त्याने चुडामणला मिठीच मारली.

पुढचं धुरपदाबाईने हातात घेतलं. आंब्याखाली बाज टाकली, चुलीवर जवसाचं पोटीस शिजवलं, वनाकरवी ते जागच्या जागी पोचवलं आणि पाहुण्यांना पालथं झोपवलं. "रुसेल नव्हता व्हय," ती दोनदा म्हणाली. तिला थोडं वाईट वाटलेलं दिसलं. उन्हं कलली तेव्हा पाहुणे उठले, चार पावलं चालले, थांबले, ठणका गेला होता, चेहऱ्यावर आश्चर्य पसरलं. मग ते त्या लाल खुर्चीपाशी गेले, आणि कोणी न सांगता, कोणी न धरता, त्यांनी हळूच स्वतःला बसवलं.

टाळ्या पडल्या. शेटजींनी डोळे टिपले. दुसऱ्या दिवशी दुभाषा आला, पण त्याला फारसं काम उरलंच नव्हतं. बसून राहिलो असतो तर एवढी केळी चालून पाहिली नसती, असं पाहुण्यांनीच सांगितलं. माल पसंत पडला होता.

पाहुणे गेले आणि शेटजींनी चुडामणला केबिनमध्ये बोलावलं. तो हवेत तरंगतच आत गेला. घरी जाताना बाजारात पुष्पासाठी गजऱ्याला थांबायचं, हेही त्याने ठरवून टाकलं होतं.

"चुडामण, मी खूश आहे. अन्सेलमलजी जाताना म्हणाले, माल पाठवताना या माणसाने जातीने बघावा. आणि समुद्रापारचा सगळा माल आपण रेल्वेने कुठून सोडणार? नरडाण्याच्या गोदामातून! म्हणून मी तुला तिथला मुख्य केला. आज संध्याकाळच्या पॅसेंजरने जा. तालुक्याभर ट्रकने फिरावं लागेल, पण मुख्य म्हणून! आता उभा का? बस, बस. सिएंतेसे!"

चुडामणने खुर्चीकडे बघितलं. शिक्षा होती तेच बक्षीस झालं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती, हो म्हणायला जीभ वळत नव्हती. पुष्पाला काय सांगायचं? समोर खुर्ची होती, पण तिच्यावर बसलं की सगळं कबूलच केल्यासारखं होतं. कालपासून कानात घुमणारं एकच वाक्य आपोआप त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"मे सिएंतो मेहोर दे पिए, शेटजी."

शेटजींच्या हातातलं पेन खाली पडलं.

"तुलाही?" ते खुर्ची मागे सरकवत म्हणाले. "अरे देवा! मिठी मारली होती ना त्यांनी तुला! कधीपासून?"

चुडामण खुर्चीपासून एक पाऊल मागे सरकला. जन्मात पहिल्यांदा त्याला काही विचारावंसं किंवा समजावून सांगावंसं वाटलं नाही.

"आता तो पॅसेंजरचा बाक, तो ट्रक, ते रस्ते... नाही नाही, तू कसा जाणार? माणूस आहेस," शेटजी हळहळले. "पण माल तर अडायला नको. भटू! ए भटू! तुझं सामान किती वेळात आवरेल?"

भटू जागेवर नव्हताच. तो सामान आवरायला धावला होता.

पुढचा आठवडाभर चुडामणने ऑफिसात उभ्याने काम केलं. उभ्याने पत्रं लिहिली, उभ्याने डबा खाल्ला. शेटजी दाराशी येऊन विचारायचे, "मेहोर?" आणि तो कसनुसं हसून मान हलवायचा. गळू काय, आठवड्यात बरं होतं. पण भटू नरडाण्याला बसला तो बसलाच.

शनिवारी संध्याकाळी चुडामण ऑफिसातून घरी आला, तर पुष्पा दारात जवसाची पुडी घेऊन उभी. धुरपदाबाईने पाठवलेली, शेटजींनी माणसाबरोबर घरी पोचती केलेली.

"कोनले व्हयनं गळू?" तिने विचारलं.

भटू नरडाण्याला पक्का झाल्याशिवाय घरी काही बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं, पण आता त्याने सगळं सांगितलं. सांगता सांगता तो खोलीभर फिरत होता आणि ऐकता ऐकता पुष्पा हसून हसून भिंतीला टेकली होती. हसणं ओसरल्यावर ती भिंतीपासून सरळ झाली. "म्हंजे नरडाना?"

"भटू गया," तो म्हणाला.

पुष्पाने डोळ्यांना पदर लावला. मग शिवणयंत्रामागची खुर्ची ओढली, पदरानेच पुसली आणि त्याच्यापुढे ठेवली. महिनाभर न्हाणीच्या दाराबाहेरून ऐकून ऐकून तिचंही पाठ झालं होतं.

"सिएंतेसे," ती म्हणाली.

चुडामण बसला. दिवसभराने पाठ टेकली, पाय सुटले. त्याने डोळे मिटले. "मे सिएंतो," तो म्हणाला.

"म्हंजे? बठस म्हनतस, का बरं वाटस म्हनतस?"

"दोन्ही," चुडामण म्हणाला.